भोरड्यांचा वाटा

आमच्या आत्याला कुणाच्या मागून चालणं माहीत नाही. वैरागजवळचं शेत ती एकटी बघते आणि सल्ला कुणाचाच घेत नाही. गेल्या वर्षी तिने शिवारात सगळ्यांच्या आधी ज्वारी पेरली. सोलापूरच्या हुरडा पार्ट्यांना पहिला हुरडा आपलाच गेला पाहिजे, हा हट्ट. बांधापलीकडचे शेजारी म्हणालेही होते, "वैनी, गावासंगं पेरा की." पण त्यांचं ऐकलं तर ती आत्या कसली! आपलं घोडं तिने पुढे दामटलंच.

जानेवारीत तिचा फोन आला. "भोरड्या आल्यात गं. समद्या माझ्याच रानात!" आवाज रडवेला होता. मी सोलापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तेव्हा पाखरांवर माझ्याकडे काहीतरी इलाज असेलच, असं तिला वाटलं असावं. इलाज काही नव्हता, पण मी गेले.

बाकीच्यांची ज्वारी नुकती निसवत होती, कणसं जेमतेम बाहेर पडत होती. कणसात दूध भरलं होतं ते फक्त आत्याच्या. त्यामुळे दूरदेशाहून आलेला अख्खा थवा तिच्याच रानावर उतरला होता. काळं डोकं, गुलाबी अंग, आणि कलकलाट एवढा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. आत्या रानातल्या राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत होती. दगड सुटला की थवा उठायचा, आभाळात एक वळसा घ्यायचा आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. वर्षाची भाकरी डोळ्यांदेखत चालली होती. मला तिची फार कीव आली.

तेवढ्यात ससाणा आला.

तो दिसायच्या आत पाखरांना कळलं होतं. विखुरलेला थवा क्षणात आवळला आणि त्याचा एकच काळा गोळा झाला. तो फुगायचा, दबायचा, मधेच दुमडायचा. हजारो पंख, पण एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. ससाणा दोनदा सूर मारून आत घुसला आणि दोन्ही वेळा रिकामा बाहेर पडला. हे मी फळ्यावर बाण काढून किती वर्षं शिकवतेय: शिकाऱ्याला एका वेळी एकच लागतो, म्हणून गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला भीती थोडी येते. पण ते इतकं देखणं असतं, हे मला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या वेळी एक भोरडी वळताना मागे राहिली. ससाण्याने तिलाच उचललं.

आत्याची गोफण हातातच राहिली. "येकटीच फुटली गं ती," ती म्हणाली. मग बांधापलीकडच्या हिरव्या रानाकडे बघत राहिली. मीही बघितलं, आणि जे दिसलं त्याने थक्क झाले. पाखरांची पोटं शेवटी पोटंच. सगळं शिवार एकदम पिकलं, तर ती कुणाकुणाचं खाणार? गाव एकत्र पेरतं ते याचसाठी. थव्याची युक्ती गावाने ज्वारीला लावली होती, आणि आत्या त्या थव्यातून बाहेर पडली होती.

पुढे शेजारपाजारची कणसं भरली आणि भोरड्या पांगल्या. निघून काही गेल्या नाहीत, सगळ्यांकडे थोड्या थोड्या बसू लागल्या. आत्याचं निम्मं रान तोवर भुसकट झालं होतं. हुरडा कुणालाच गेला नाही.

यंदा पेरणीच्या दिवसांत मी तिच्याकडे होते. तेच शेजारी बांधावर पेरणीची पाभर सारखी करत होते. आत्या पदर खोचून गेली आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "भावजी, औंदा कवा पेरनार तुमी?"

"का वो वैनी?"

"न्हाय, तवाच पेरीन म्हनते मी बी."