गोणीला काय दिसतं

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या मुलीने पेढा खाता खाता जाहीर केलं, की कॉलेजच्या गेटवर तिला कोणीही उचलायचं नाही. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. एक वाक्य बोलायला तिला वेळ लागतो, त्यामुळे ती फालतू वाक्यं बोलत नाही. तोपर्यंत मी तिला चाकाच्या खुर्चीतून उचलून आमच्या छोट्या गाडीत बसवायची आणि खुर्ची घडी करून डिकीत टाकायची. शाळेत ते चालून गेलं. आकुर्डीच्या कॉलेजात, नव्या मुलामुलींसमोर, तिला आईच्या हातांवरून उतरायचं नव्हतं. मला ते लगेच पटलं. माझ्या कमरेला तर आधीपासूनच पटलेलं होतं.

म्हणजे खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी हवी होती, आणि तीही कॉलेज सुरू व्हायच्या आत. आम्ही रहाटणीपासून सुरुवात करून एकेक शोरूम पालथी घातली. मी पर्समध्ये टेप ठेवायची. विक्रेते सनरूफ दाखवायचे, मी मागचं दार मोजायची. एका गृहस्थाने अदबीने विचारलं, "मॅडम, फ्रीज वगैरे न्यायचाय का?"

"मीच फ्रीज," मुलगी म्हणाली. तो इतका ओशाळला, की पुढे अर्धा तास फक्त तिलाच गाडीची माहिती देत होता. गाडी मात्र चार बोटांनी बुटकी निघाली.

शेवटी चऱ्होलीत एक जुनी व्हॅन मिळाली. शाळेची मुलं ने-आण करून रिटायर झालेली, पण छत उंच आणि मागचं दार ऐसपैस. सीटा काढल्या तेव्हा खालून पेन्सिलींचे तुकडे आणि एक टिफिनचं झाकण निघालं.

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे पोळी जाड झाली तरी तिला पट्टी लागते. त्याने रॅम्पचं आणि खुर्ची अडकवायच्या क्लॅम्पचं ड्रॉइंग काढलं, आरटीओत कागद दिले, आणि परवानगी आल्यावर आकुर्डीच्या एका वर्कशॉपवाल्याला गाठलं. हा माणूस तिथल्याच जुन्या गावातला. कारखान्यांसाठी माल वाहायच्या ट्रॉल्या बनवतो.

"ताई, आत्तापातुर समदं मालासाठीच बनवलं," तो मला म्हणाला. "माणसासाठी पयल्यांदाच."

नवऱ्याने त्याला धीर दिला, की ड्रॉइंग ते ड्रॉइंग.

ट्रायलच्या दिवशी मुलगी फिजिओथेरपीला गेली होती, म्हणून खुर्चीत पंचवीस किलोची तांदळाची गोणी बसवली आणि वर दहा किलोचं कणकेचं पोतं. वजन बरोबर मुलीइतकं. पट्टे आवळले आणि परिसरातला एकही गतिरोधक सोडला नाही. गोणी हलली नाही. नवऱ्याने ड्रॉइंगवर ‘ओके’ लिहून खाली सही केली. मला वावगं वाटलं नाही, कारण पट्टे मीच आवळले होते.

रविवारी मुलगी रॅम्पवरून आत गेली. कोणी उचललं नाही, कोणाची कंबर लचकली नाही. मी मोठ्या ऐटीत गाडी काढली. पहिल्या सिग्नलला विचारलं, कसं वाटतंय. दिवा हिरवा झाला. मग उत्तर आलं.

"मला रस्ता दिसत नाही."

गाडी कडेला घेऊन आम्ही मागे जाऊन पाहिलं. ती इतकी उंच बसली होती, की खिडकीची वरची चौकट बरोबर डोळ्यांसमोर. मान वाकवली तर खाली स्कूटरची चाकं आणि लोकांच्या चपला. नवरा म्हणाला, उंची ड्रॉइंगप्रमाणेच आहे, ट्रायल पास झाली होती.

"गोणीला विचारलं होतं का, काय दिसतं?" मुलगी म्हणाली.

वीस वर्षं तक्रारी ऐकलेला माणूस, पण ही त्याच्या रजिस्टरमध्ये नव्हती.

तसेच वर्कशॉपला गेलो. गाडीचा तळ कापून खाली घ्यायचा तर खाली टाकी, आणि आरटीओची फेरी पुन्हा. कॉलेज आठवड्यावर आलेलं. मी म्हटलं, वीस मिनिटांचा तर रस्ता, वर्षभर चालवून घेऊ.

"मग तू पण न बघता चालव," मुलगी म्हणाली.

वर्कशॉपवाला हसला आणि मग माझ्याकडे बघून घाईने गाडीखाली वाकला. तो आणि नवरा पुन्हा तळाची मापं घ्यायला लागले. तेवढ्यात ती हळूहळू म्हणाली, "खुर्ची खाली घ्या."

आम्ही तिघंही खुर्चीकडे बघत राहिलो. तीन वर्षांपूर्वी नवऱ्यानेच बैठकीखाली चार इंचांचे ठोकळे घातले होते, तिला गाडीत उचलून ठेवताना मला वाकावं लागू नये म्हणून. आता उचलायचंच नव्हतं, आणि ठोकळे कोणाच्या लक्षात नव्हते. ज्याचे त्याच्याही.

"व्हय की," वर्कशॉपवाला म्हणाला. "गाडी कशापायी कापायची?"

अर्ध्या तासात ठोकळे निघाले, पाय ठेवायची फळी तेवढी वर घेतली. घरी तिला पलंगावरून खुर्चीत घेताना आता चढ-उतार होतो, अशी मी तक्रार केली, तर नवऱ्याने पलंगाचे पायही कापले. यावेळी माप घ्यायला मुलीला बसवून.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी गेटसमोर रॅम्प टाकला. मी फक्त खुर्चीचं हँडल धरलं. मुलंमुली बघत होती, पण रॅम्पकडे. एकीने पुढे येऊन विचारलं, यात स्कूटी चढेल का. मुलीने तिच्याकडून खुर्ची व्हॅनकडे वळवून घेतली, तिला आतला क्लॅम्प दाखवला आणि मला जायला सांगितलं.

संध्याकाळी परत येताना तिला पुढच्या काचेतूनही सगळं स्वच्छ दिसत होतं. काळेवाडीच्या चौकातला सिग्नल ओलांडल्यावर मागून आवाज आला.

"आई, लाल होता."

लालच होता.