बाईंनी ठेवलेली चूक

चुका सगळेच करतात. आम्ही शिक्षक तर त्या करतो आणि वर्गाकडून पाठही करून घेतो. पण चूक करायची म्हणून आदल्या दिवसापासून तयारी करणारी, ती नीट बेतून मुद्दाम सहज दिसणार नाही अशा जागी ठेवणारी व्यक्ती अख्ख्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत एकच झाली. ती म्हणजे आमच्या गणिताच्या ग्रुपच्या ॲडमिन बाई. त्यांना नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. सारोळ्याच्या माझ्या शाळेपासून पार वेल्ह्याच्या शेवटच्या वाडीवरच्या शाळेपर्यंत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. बाकीच्या बाईंना आडनाव लावावं लागतं.

दोन तालुक्यांतल्या गणित शिकवणाऱ्यांनी एकमेकांना अडलेलं विचारावं, चांगले व्हिडिओ द्यावे-घ्यावे, आपलं शिकवणं जरा सुधारावं, एवढ्यासाठी बाईंनी हा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. हेतू फारच उदात्त होता. त्यामुळे पहिल्याच सकाळी त्यावर एक सूर्योदय, दोन गुलाब आणि एक सुविचार येऊन पडला. बाईंनी त्याच दिवशी नियम केले. शुभ सकाळ बंद. वाढदिवसाचे केक बंद. जो फूल पाठवेल त्यानं दंड म्हणून लसाविचं एक उदाहरण सोडवून टाकायचं. आणि नोकरी संपली की त्याच संध्याकाळी आपण होऊन बाहेर पडायचं, कारण निवृत्त माणसाला वेळ फार आणि फुलं फुकट. हायवेकडच्या एका सरांनी पहिला दंड भरला. त्यांचा लसावि चुकला होता आणि खाली नम्रतेचं म्हणून पुन्हा एक फूल होतं.

आम्हाला ऑनलाइन शिकायची सवय नव्हती असं मुळीच नाही. वरून प्रशिक्षणं येतच असतात. कुणीतरी शहरात बसून पडद्यावरचं वाचून दाखवतो, आम्ही कॅमेरे बंद करून आपापल्या कामाला लागतो आणि शेवटी उपस्थितीची लिंक येते तेव्हा सगळे जागे होतो. मी एक प्रशिक्षण भोरच्या एसटी स्टँडवर भेळ खात पूर्ण केलं आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर 'सक्रिय सहभाग' असं छापलंय. बाईंच्या बैठकीला लिंक नसायची, प्रमाणपत्र नसायचं, आणि त्या माणसाला गावाच्या नावानं उठवायच्या. "सारोळे, तुमच्याकडं भागाकार कुठवर आला?" वेल्ह्याच्या मंडळींना रेंज गेल्याचं सांगून सुटता यायचं. मीही एकदा सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही हायवेवर आहात. गेली असेल तर जाऊन घेऊन या, आम्ही थांबतो." आणि खरोखरच सगळे थांबले.

त्यांच्या व्हिडिओंचे छायाचित्रकार म्हणजे त्यांचे यजमान. भोरच्या बाजारपेठेत त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. चाचांचा सगळा जीव फळ्यावर, त्यामुळे निम्म्या व्हिडिओंत बाईंना डोकं नाही. पण चाचांचं खरं काम कॅमेऱ्यापुढं होतं. उणे गुणिले उणे अधिक का होतं, असा प्रश्न एकदा ग्रुपवर आला. आमच्यापैकी प्रत्येकानं 'तसा नियम आहे' असं उत्तर देऊन आपलं ज्ञान सिद्ध केलं. बाईंनी चाचांना भर बाजारात उलटं चालायला लावलं आणि स्वतः चित्रण केलं. चाचा पाठमोरे एका भाजीच्या हातगाडीवर जाऊन आदळले, टोमॅटो रस्ताभर झाले. मग बाईंनी तो व्हिडिओ उलटा फिरवून आम्हाला दाखवला. टोमॅटो आपोआप उड्या मारत गाडीवर चढले आणि चाचा रुबाबात पुढं चालत आले. मागं चालणं उणे, व्हिडिओ उलटा फिरवणं उणे, आणि दोन्ही मिळून माणूस पुढं! मी नंतर दुकानात चाचांची विचारपूस करायला गेलो, तर पाठीला बाम चोळत म्हणाले, "हिला नवरा न्हाई, उदाहरण पायजे होतं."

त्यांच्या घरी नुसतं जेवायला म्हणून कुणी गेलं नाही. ईदला शीरखुर्म्याचं बोलावणं आलं, आम्ही नवे सदरे घालून गेलो. पाहतो तर पसरट वाट्या, उंच पेले, खोलगट बशा असं सगळं वेगवेगळ्या मापाचं मांडून ठेवलेलं, आणि कशात जास्त मावतं ते कारणासकट सांगितल्याशिवाय पळी हलायची नाही. मी उंच पेला पकडून बसलो आणि फसलो. शेजारच्या पसरट वाटीत दीडपट गेलं.

पण बाईंची खरी कीर्ती चुकांची. त्याचं झालं असं की त्या रोज संध्याकाळी एक सोडवलेलं उदाहरण पाठवत आणि त्याखाली आम्ही हात जोडत असू. 'खूप छान, बाई.' 'अप्रतिम, बाई.' काही जण व्हिडिओ उघडायच्या आधीच अप्रतिम म्हणून मोकळे होत. बाईंना हे लक्षात यायला वेळ लागला नाही. एके दिवशी त्यांनी तीन, चार आणि आठ सेंटीमीटर बाजूंच्या त्रिकोणाची परिमिती काढून पाठवली. बेरीज बिनचूक, पंधरा. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला, माझाही त्यात एक होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी लिहिलं, 'आता हा त्रिकोण प्रत्येकानं काढून त्याचा फोटो टाकावा.' दोन छोट्या बाजू मिळून मोठीपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे तो त्रिकोण या पृथ्वीवर काढता येत नाही. ग्रुपवर जी शांतता पसरली ती चांगली आठवडाभर टिकली.

तेव्हापासून बाई अधूनमधून चूक ठेवू लागल्या. ती आम्हाला दिसत नव्हती असं नाही. पण ग्रुपवर सगळ्यांदेखत कोण लिहिणार? लोक त्यांना एकट्यांना निरोप पाठवत, तोही 'माझंच चुकत असेल, माफ करा' अशी सुरुवात करून. काही हुशारांनी त्यावरही तोडगा काढला. ते लिहीत, 'खूप छान, बाई. चूकसुद्धा खूप छान.' बाई वैतागायच्या. एकदा भोरला दुकानापुढच्या बाकावर चहा पिताना मी त्यांना म्हटलं, कशाला एवढा त्रास करून घेता, मंडळी निवांत आहेत, राहू द्या. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "सर, ज्या मास्तरला मोठ्या माणसाला चुकलं म्हणायची भीती वाटती, त्याच्या वर्गातलं पोर त्याला कधी चुकलं म्हणंल का? मी रिटायर व्हायच्या आत एकानं तरी मला समद्यांम्होरं चुकलं म्हणावं. बाकी काय नको." व्हिडिओत प्रमाण भाषेला धक्का न लावणाऱ्या बाईंच्या तोंडून 'समद्यांम्होरं' ऐकलं तेव्हाच कळलं, की हे त्यांच्या फार आतलं आहे.

आणि आम्ही कसले जातिवंत! त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला तरी आमचे अंगठे वरच होते.

त्या दिवशी दुपारी बाईंनी शेवटचा व्हिडिओ पाठवला. समीकरण साधं होतं, पण सोडवता सोडवता उणे गुणिले उणे त्यांनी उणेच ठेवलं आणि उत्तर चुकलं. खाली निरोपाच्या ओळी सुरू झाल्या. खूप छान. अविस्मरणीय. ज्ञानाचा सागर. आणि त्यांच्या मधोमध मनीषाचा निरोप आला. मनीषा म्हणजे वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीवर नव्यानं लागलेली शिक्षिका. तिच्या शाळेत रेंज नसते, व्हिडिओ उतरवून घ्यायला तिला खिंडीपर्यंत चढून यावं लागतं. ग्रुपवर तिनं तोवर चकार शब्द काढलेला नव्हता. तिनं लिहिलं होतं, 'बाई, चुकलं. चाचा उलटे चालले आणि व्हिडिओपण उलटा फिरवला, तर ते पुढंच यायला पायजेत.'

ग्रुप तिच्यावर तुटून पडला. आजच्या दिवशी तरी, मॅडम! वेळकाळ बघावा! एकानं तिला समजावलं की ती चूक बाईंनी मुद्दाम ठेवलेली असते, आपल्याला नवीन म्हणून माहीत नसेल. तेवढ्यात बाईंचंच उत्तर आलं. 'ही ठेवलेली नव्हती. झाली. शाबास, मनीषा.' त्यावर पाठवायचं चित्र कुणाकडेच नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी मला ॲडमिन केलं आणि पाठोपाठ ती बारीक करडी ओळ उमटली, की बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या आहेत. नियम त्यांचाच होता, त्या कसा मोडणार? मला फार वाईट वाटलं. ओळीखाली मात्र मिनिटभरात पहिला अंगठा आला. मग 'खूप छान, बाई'. मग 'असंच मार्गदर्शन करत राहा', हे ज्या बाई आता ते वाचू शकत नव्हत्या त्यांना. आणि त्या सगळ्याखाली पुन्हा मनीषा. या वेळी एकच शब्द.

'चुकलं.'

मी बाईंना फोन लावला. आमच्या अंगठ्यांचं ऐकून त्या पोटभर हसल्या. मग मी सांगितलं, की एका व्यक्तीनं तुमच्या जाण्याखाली चुकलं असं लिहिलंय. बाईंनी सवयीनं लगेच विचारलं, "कुणी पकडली?"

"मनीषानं."

पलीकडून सायकलच्या पंपाचा आवाज येत होता. चाचा कुणाच्या तरी चाकात हवा भरत होते. बाई म्हणाल्या, "मग तिला ॲडमिन करा, सर. नियम बदलायचा का न्हाई, मला परत घ्यायचं का न्हाई, ते तिला ठरवू द्या. तिला जमंल."

मी तसं केलं. मग काहीतरी लिहावं म्हणून ग्रुप उघडला, तर सवयीनं बोट अंगठ्यावरच गेलं होतं. ते मी उचललं, आणि मनीषाच्या खाली सगळ्यांदेखत मीही लिहिलं, 'चुकलं, बाई.'