तुकईथडचा नाला आणि भागवतभाऊंचा ट्रॅक्टर

आंतरराष्ट्रीय ऑफ-रोड स्पर्धेचा एक टप्पा बऱ्हाणपूरला व्हावा, हा हट्ट माझा. जन्मगाव आहे माझं. आयोजकांनी अट घातली: पाच दिवसांत परीक्षकांना दाखवण्यासारखा एक तरी खडतर नाला शोधा, नाहीतर टप्पा दुसऱ्या राज्यात जाईल. मग काय, मी आणि माझा सहकारी शिरीष पहाटेच नाशिकहून निघालो. तो गाडी चालवणार, मी नकाशा धरणार.

जळगाव, मुक्ताईनगर करत दुपारी बऱ्हाणपुरात पोहोचलो. स्टेशनजवळ साधं लॉज परवडतं. जेवण वाटेत उरका, पण पोटात मावा जिलेबीपुरती जागा ठेवा. काळपट, जाड आणि गरम. शिरीषनं तिसरी प्लेट मागवली तेव्हा मी नकाशाची घडी घातली.

दुसरा दिवस धूलकोटच्या बाजूला गेला. चढ देखणे, पण जिथे मजा तिथे जंगल, आणि जंगलात गाड्यांना परवानगी नाही. माझी चिडचिड सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी तुकईथडला, केळीच्या बागांमागे, हवा तो नाला सापडला. गुडघाभर धोंडे, उभा काठ, तळाशी चिखल. आमची गाडी तीनदा अडकली आणि मी आनंदानं टाळ्या पिटल्या. नाला भागवतभाऊंच्या शेतातला. त्यांनी लगेच होकार दिला. "परवा परदेशी पाहुणे बघायला येतील, शर्यतीच्या गाड्या इथूनच जाणार," एवढंच मी सांगितलं. आम्हाला वाट वाईटच हवी आहे, हे सांगायचं राहून गेलं.

मधला दिवस जैनाबादला तापीकाठी काढला. इतकी निर्धास्त मी कित्येक महिन्यांत नव्हते.

पाचव्या दिवशी परीक्षकांना घेऊन गेलो, तर नाला ओळखू येईना. धोंडे बाजूला रचलेले, काठाला छान उतार, वर मुरूम दाबून बसवलेला. भागवतभाऊ ट्रॅक्टरला टेकून उभे.

"ताई, परवा तुमची गाडी तीन बार फसली. म्हटलं, पाहुण्यांसमोर आपली इज्जत काय राहीन? आता चहाची बशी हातात धरून जा, सांडली तं सांगा."

माझं डोकं भणभणलं. परीक्षकांनी हळूच विचारलं, यंत्र लावून पुन्हा उकरता येईल का? अर्ध्या दिवसाचं काम. शिरीष माझ्याकडे बघत राहिला. मी शब्द टाकला असता तर भाऊ नाही म्हणाले नसते.

तेवढ्यात पलीकडून, त्याच दाबलेल्या मुरुमावरून, बैलगाडी आली. तीत भाऊंच्या पत्नी रुखमाकाकू, मांडीवर चहाची किटली. त्यांना हात देऊन उतरवावं लागलं. उतरल्या त्या आधी केळीपाशी गेल्या, एका घडावरून हात फिरवत उभ्या राहिल्या.

"गुडघे गेले तवापासून हे शेत पाह्यलंच नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "हे नुसते घरी येऊन सांगायचे, घड चांगले लागले म्हणून."

मी परीक्षकांना नाही म्हणाले. राग गेला नव्हता, तरी नाही म्हणाले. चहा पिऊन आम्ही निघालो, आणि टप्पा हातचा गेला.

नाशिकला परतून आठवडाभर मी शिरीषचं डोकं खाल्लं. मग एका दुपारी भागवतभाऊंचा फोन आला.

"ताई, शर्यत कधी हाय? मी रोज मुरूम दाबून ठेवतो."

"शर्यत दुसरीकडे गेली, भाऊ."

"आपल्या रस्त्यात काही कमी राहिली का?"

"नाही भाऊ," मी म्हणाले. "रस्ता फार चांगला झाला होता."