खळं पडलं का?

खळेकाकांचं आडनाव खळे नव्हतं. लीड्सच्या मराठी मंडळाने त्यांच्या नावाच्या बिल्ल्यावर खुशाल 'मि. खळे' छापलं, तेव्हा काका तोच बिल्ला लावून दिवाळीच्या जेवणात मिरवले. नाव मीच ठेवलेलं. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत औषध ठेवलं आणि ते लागू पडलं, की भोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उमटतं. आम्ही दोघं काम करायचो त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळे त्याला 'झोन' म्हणत. काका म्हणत खळं, चंद्राला पडतं ते. सकाळी कोट काढायच्या आधीच मला विचारायचे, "काय गं, खळं पडलं का?"

अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूंवर ते लवंग, हळद, कडुनिंब, काय वाट्टेल ते लावून बघत. लाडका मात्र दगडी पाला, गावाकडे खरचटल्यावर चोळून लावतात तो. मोठं खळं दिसलं की मी नाचायचे. काका चष्मा पुसत म्हणायचे, "बशीत मरणं वेगळं, माणसात मरणं वेगळं. बशीत व्हिनेगरनेही मरतात."

मग काकूंच्या पायाची मधुमेहाची जखम चिघळली. नर्स रोज अँटिसेप्टिकने धुवायची, तरी जंतू रक्तात पोचले. ते आमच्याच लॅबमध्ये तपासले, तर एकाही अँटिबायोटिकभोवती खळं नाही. पडलं ते फक्त दगडी पाल्याच्या अर्काभोवती. आणि मी मूर्खासारखी वॉर्डात जाऊन काकूंना सांगून बसले.

काकूंनी काकांचा हात धरला. "अहो, मग द्या ना मला ते. मी कुणाला सांगणार नाही."

"नाही गं. तुझ्या रक्तात ते काय करेल, मला माहीत नाही."

आठवड्याभरात काकू गेल्या.

तेराव्यानंतर काका लॅबमध्ये आले. ती बशी मी फ्रिजमध्ये जपून ठेवली होती. त्यांनी ती उजेडात धरली, पट्टी लावून खळं मोजलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिलं असतं तर गं?"

मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. "काका, बशीत मरणं वेगळं, माणसात मरणं वेगळं."

"बरोबर," ते म्हणाले. बशी हळूच कचऱ्यात ठेवली, कोट चढवला आणि गेले. पुन्हा लॅबमध्ये आले नाहीत. वर्षाच्या आत तेही गेले.

आता नव्या मुलांना ते वाक्य मीच शिकवते. ते आजही खरंच आहे. पण त्या दिवशी काका बशी धरून उभे होते, आणि मी बरोबर उत्तर देऊन जागच्या जागी बसून राहिले.