फाळक्यावरचा दिवा

कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपात कल्लाप्पा तेवीस वर्षं वायरमन होता. तेवीस वर्षांत कमावलं काय म्हणाल, तर कायमची धरलेली कंबर आणि एक पक्कं मत, की साहेब बदलतात, लॉऱ्या बदलत नाहीत. खातं रस्त्यावरच्या दिव्यांचं. त्याचं नाव घेण्यात हशील नाही. खांबावरचे दिवे दुरुस्त करायला शिड्या बांधलेल्या सात लॉऱ्या होत्या, महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या आणि इथं येऊन पुन्हा जुंपलेल्या. त्यांच्या पोटातली तार न् तार कल्लाप्पाच्या हातची होती.

माणूस चिकोडीकडचा. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. वर्कशॉपात निम्मे गडी बेळगाव-निपाणीकडचे, त्यांना कन्नड जेमतेम कळायचं; वरचे बहुतेक कन्नड बोलणारे. मध्ये कल्लाप्पा. वरून आलेला हुकूम कन्नडमध्ये झेलायचा आणि मराठीत खाली सोडायचा, हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं, पण ते त्याचंच होऊन बसलं होतं. त्याचा त्याला तोराही होता. बाकीचे फिटर दोनदा विचारून खात्री करत. कल्लाप्पा कधी विचारत नसे. सगळे त्याला अण्णा म्हणत.

त्रेसष्ट साली मुंबईहून दिव्यांची पेटी आली. पिवळ्या काचेचे, लुकलुकणारे, लॉरी रस्त्यात उभी असेल तेव्हा मागून येणाऱ्याला सावध करणारे दिवे. दिवे आले, पण ते बसवायचे कुठं हे पेटीत लिहिलेलं नव्हतं. हेडऑफिसातल्या मंडळींनी तीन बैठका घेतल्या. लॉरीला हातही न लावता उंटावरून शेळ्या हाकणारी ती मंडळी. शेवटी त्यांनी नकाशा पाठवला: दिवा मागच्या फाळक्यावर. फाळका म्हणजे लॉरीच्या मागच्या बाजूची, खाली बिजागऱ्या असलेली ती फळी. तार कमी लागते, दिवा हाताशी राहतो, असं कारण दिलेलं.

नकाशा घेऊन दातारसाहेब खाली आले. उमाकांत दातार, पुण्याचे, तरुण, नोकरीत नवे आणि त्यामुळे अजून विचारणारे. त्यांनी कल्लाप्पाला बोलावलं.

“कल्लाप्पा, तुम्ही इथले सगळ्यात जुने. तीन पर्याय आहेत. केबिनच्या टपावर, फाळक्यावर, नाहीतर वेगळा पाइप उभा करून. ऑफिसनं फाळका फायनल केलाय. तुमचं काय म्हणणं?”

कल्लाप्पानं नकाशाकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं नाही.

“तुमी म्हणशीला तसं, साहेब,” तो म्हणाला आणि कामाला निघून गेला.

असं का म्हणाला ते सांगायला नऊ वर्षं मागं जावं लागेल. चौपन्न साली याच लॉऱ्यांना पहिल्यांदा मागचे लाल दिवे लावायचा हुकूम आला होता. हुकूम इंग्रजीत, वाचणारे ओव्हरसियर त्रिविक्रम राव. ते जिन्यातूनच कल्लाप्पाला म्हणाले, “दीपा फाळकद मेले हाकप्पा.” ‘हाकप्पा’ म्हणजे लाव बाबा. आता कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. पण कसं वर? चिकटून वर, की अधांतरी वर? मराठीत निदान ‘फाळक्यावर’ आणि ‘फाळक्याच्या वर’ असा फरक करता येतो. कन्नडमध्ये दोन्हींना ‘मेले’ एकच. दुसरा कुणी फिटर असता तर त्यानं डोकं खाजवून विचारलं असतं. दोन्ही भाषा कोळून प्यालेल्या कल्लाप्पानं मनातल्या मनात ‘फाळक्यावर’ असं भाषांतर केलं आणि दोन भोकं पाडून दिवा फाळक्यालाच ठोकला. त्रिविक्रम रावांना हवा होता तो फाळक्याच्या वर, लॉरीच्या सांगाड्याला पक्क्या असलेल्या आडव्या पट्टीला.

फाळका बंद असताना दिवा छान दिसायचा. पण काम सुरू झालं की फाळका पाडतात. तो साखळ्यांवर आडवा राहतो आणि त्यावर माणूस उभा राहतो. तेव्हा दिवा भुईकडं तोंड करून जळायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळेला, परसू नावाचा गडी त्या फाळक्यावर उभा राहून शिडीवरच्या गड्याला बल्ब देत होता. मागून विटांनी भरलेली लॉरी आली. तिच्या ड्रायव्हरला पुढं काही आहे हेच दिसलं नाही.

चौकशी झाली. कागदावर आलं की मयतानं मागं कंदील टांगला नव्हता, सबब चूक मयताची. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायला सोपं जातं. तो काही परतून बोलत नाही. कल्लाप्पा बोलू शकला असता. त्यानं रातोरात नव्हे, भर दुपारी सगळ्यांदेखत सातही लॉऱ्यांचे दिवे काढून पट्टीला लावले, भोकं शिशानं बुजवली आणि मूग गिळून बसला. कुणी काही विचारलं नाही. पुढं त्रिविक्रम रावही निवृत्त होऊन म्हैसूरला गेले आणि वारले. आता ती गोष्ट फक्त कल्लाप्पापाशी होती, आणि तिचं ओझं वाहून तो थकला होता. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं पोराला ‘मेले बा’, वर ये, म्हणून हाक मारली तरी त्याच्या मराठी कानाला त्यात मरणच ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली लॉरी पुढं घेतली. दातारसाहेबांनी नकाशा बघून फाळक्यावर खडूनं दोन फुल्या मारल्या. एक फुली बरोबर बुजवलेल्या भोकाशेजारी पडली. कल्लाप्पाच्या हातात गिरमिट होतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. नोकरीच्या पुस्तकात आजवर एक वाकडं अक्षर नव्हतं. दोन भोकं पाडली की काम संपलं, जबाबदारी नकाशाची. हे सगळं त्याच्या डोक्यात येऊन गेलं.

त्यानं गिरमिट खाली ठेवलं, नवा दिवा फुलीवर तारेनं बांधला आणि फाळक्याच्या खिळी काढल्या. फाळका धाडकन साखळ्यांवर आला.

“साहेब, मागं जाऊन उभं ऱ्हावा. दिवा दिसतोय का बघा.”

दातार दहा पावलं मागं गेले, वाकले, पुन्हा सरळ झाले. “नाही दिसत,” ते म्हणाले. “टपावर लावला तर?”

“टपावर शिडी झोपती. दिवा शिडीखाली जाणार. मागच्या कोपऱ्याला चासीपासनं पाइप उभा करा, माणसाच्या डोस्क्याच्या वर. झाडाच्या फांदीला अडकंल म्हनून बुडाला बिजागरी द्या, जाता-येता आडवा करता येतोय.”

“म्हणजे सगळा विचार करून ठेवलाय तुम्ही. मग काल का बोलला नाहीत?”

अनुभव आहे साहेब, एवढं म्हणून सुटता आलं असतं.

“काल भ्यालो हुतो,” कल्लाप्पा म्हणाला, आणि बुजवलेल्या भोकावर बोट ठेवून त्यानं सगळं सांगितलं.

दातार म्हणाले, हे लेखी द्यावं लागेल, तरच हेडऑफिस नकाशा बदलेल आणि जुन्या कागदावरचा शेरा निघेल. पण तुमच्या पुस्तकात लाल शाईची नोंद होईल. कल्लाप्पा म्हणाला, होऊ दे. साहेबांनी लिहिलं, त्यानं खाली मोडीसारख्या वाकड्या अक्षरात सही केली. महिन्याभरात सातही लॉऱ्यांवर पाइप उभे राहिले.

सही केली त्याच आठवड्यात, रविवारी, तो परसूच्या बायकोकडं गेला. गंगव्वा वर्कशॉपाजवळच एका वठारात, ओळीनं खोल्या असलेल्या चाळीत, राहायची आणि एका खाणावळीला भाकरी करून द्यायची. दर दिवाळीला कल्लाप्पा फराळाचा डबा घेऊन यायचा, दहा मिनिटं हवापाण्याचं बोलायचा आणि उठायचा. आज दिवाळी नव्हती, हातात डबा नव्हता. तिनं चहा ठेवला. त्यानं खाली मान घालून सांगितलं: दिवा मी चुकीच्या जागी बसवला होता, परसूची काही चूक नव्हती.

गंगव्वा रडली नाही. पदरानं पेला पुसत म्हणाली, “ठावं हाय मला, अण्णा.”

“कसं?”

“आदल्या दिशी जेवताना ह्येच म्हनले की. अण्णानी दिवा फाळक्याला मारलाय, फाळका पाडला की भुईकडं बघतोय. म्या म्हनलं, मग सांगा त्यास्नी. तर म्हनले, त्यो मोठा मानूस, दोन भाषा येत्यात, चारचौघांत त्येची चूक काढली तर राग धरंल. सवडीनं कवातरी सांगतो.”

“मग तू का न्हाई बोललीस? नऊ वर्सं?”

“तुमी दर साली येऊन बसायचा. मला वाटायचं, आज सांगतील.”

कल्लाप्पानं चहा तसाच खाली ठेवला. नऊ वर्षं त्यानं दोष एका शब्दाला दिला होता. परसूला दिवा दिसला होता, चूकही दिसली होती. सांगायला तो भ्याला होता, आणि भ्याला होता कल्लाप्पाला.