चांदीचं मलम आणि पाच ठिपके

कढईतलं उकळतं तेल उजव्या मनगटावर सांडलं, तेव्हा मी बोंबलले ते काही नुसतं दुखतंय म्हणून न्हाई. तिथं माझं गोंदण होतं. पाच हिरवे ठिपके.

मी सात वर्षांची असताना औरादच्या बाजारात आईनं ते गोंदवून घेतले होते. तिच्या हातावर होते तसेच, त्याच जागी. मी रडायला लागले तर म्हणाली, "गप की! बाजारात हरपलीस तर ह्याच्यावरून वळकीन. आन् मेल्यावर वर आलीस तरी ह्याच्यावरूनच. सोनंनाणं हितंच राहतंय, गोंदण तेवढं संगं येतंय."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. गावाकडची निम्मी घरं कामासाठी पुण्याला गेली, आम्ही बीदर शहरात, मैलूर भागात आलो. ह्या हलवाहलवीत तिचं एक लुगडंसुद्धा माझ्याकडं राहिलं न्हाई. होते ते ठिपकेच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण हात हलका. "नवीन मलम आहे, नॅनो," म्हणाल्या. "चांदीचे कण, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. जंतू मरतात, जखम चिघळत नाही."

"नानु?" त्या आगीतही मला हसू फुटलं. कन्नडात नानु म्हणजे मी. कन्नड शाळेतून आले की मी मुद्दाम दारातून ओरडायची, "नानु!" आई आतूनच म्हणायची, "नानू हितं राहत न्हाई, फुडल्या घरी बघा!" रोज तेच, आणि रोज दोघी हसायचो.

बाईंना म्हटलं, "काय बी करा, पण माझे ठिपके राहू द्या."

"जखम खोल आहे. बघू," म्हणाल्या.

पट्टी बदलताना दर खेपेला मी वाकून बघायची. हळूहळू नवी कातडी आली, गुलाबी, कोवळी. बाई खूश. "बघा, निरखून बघितल्याशिवाय व्रण दिसत नाही!" मी व्हय म्हटलं. बिचारीनं जीव ओतून काम केलं होतं, तिला काय बोलणार? रिक्षात बसले आणि ढसाढसा रडले. ठिपका एक बी न्हाई.

परत गोंदवून घे, म्हणतात शेजारणी. कामून? तेव्हा हात आईनं धरला होता. आता कोण धरणार?

आई, मी येईन तेव्हा हात बघू नको. मी दारातून "नानु" म्हणीन. तू आतून म्हण, नानू हितं राहत न्हाई. मग मला कळंल, वळकलंस.