नीलाक्काची ‘बरी’ चटणी

नीलाक्काची शेंगाचटणी ‘बरी’ आहे, असं मी माझ्या ब्लॉगवर लिहिलं, आणि वर ते वाक्य खुद्द नीलाक्काच्याच तोंडी घातलं. सोलापुरात राहून शेंगाचटणीला बरी म्हणणं काय असतं, हे ज्यांनी ती कडक भाकरीबरोबर खाल्लीय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की देवळात चपला घालून शिरलेल्या आणि वर घंटाही वाजवलेल्या माणसाकडे लोक जसे बघतात, तसे माझ्याकडे आठवडाभर बघत होते.

नीलाक्काचं दुकान शुक्रवार पेठेतल्या एका बोळात. खाली दुकान, मागे उखळं, वर माडीवर घर. माहेर मैंदर्गीचं. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि रागात दोन्ही. चटणीच्या पाकिटावर तिचाच फोटो होता. तो काढताना फोटोवाल्याने हसायला सांगितलं म्हणून ती त्याच्यावर चिडली होती, आणि ती चीड जशीच्या तशी छापली गेली होती. पाकीट हातात घेतलं की गिऱ्हाईक उगाचच सरळ उभं राहायचं.

चव बघायला मागितली तर ती भाकरीच्या तुकड्यावर चटणी ठेवून द्यायची आणि तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. “कशी आहे” असं कधीही विचारायची नाही. “माणूस बोलतंय खोटं, पण चावतंय खरं,” असं तिचं म्हणणं. स्वतःच्या चटणीला चांगली म्हणताना तिला कुणी ऐकलं नव्हतं. ते काम गिऱ्हाइकाचं.

मी मूळचा वेळापूरचा. नोकरीमुळे सोलापुरात आलो, पतसंस्थेत चिकटलो आणि ‘खाऊन सांगतो’ नावाचा ब्लॉग लिहू लागलो. ब्रँड आणि ब्लॉगर यांनी एकमेकांचा फायदा कसा करावा, यावरचं एक व्याख्यान मी मोबाइलवर ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी नीलाक्कापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आक्का, आपण भागीदारी करू, दोघांचा फायदा आहे.

“दोघं म्हंजे कोण कोण?”

“मी आणि तुमचा ब्रँड.”

“त्यो कुटं असतोय?”

मी पाकिटावरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

“ती मीच की रे. मग मी आन् तू म्हण सरळ.”

व्याख्यानात याच्या पुढचं काही नव्हतं. तिने माझी कीव केली असावी. माडीवर नेऊन जेवायला वाढलं, निघताना हातात चटणीचं पाकीट दिलं आणि त्या दिवसापासून मला ‘तम्मा’ म्हणू लागली. कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला पुढे कळलं. तोवर मी ते तिच्या एखाद्या नातलगाचं नाव समजत होतो. ती मला चुकून त्याच्या नावाने हाक मारते, असं मला वाटायचं.

त्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या दुकानाचे मालक तिची चटणी ठेवायचा विचार करत होते. पावसाळ्यात विक्री बसली की चटणी कांडणाऱ्या बायकांना तिला घरी बसवावं लागायचं, आणि ते तिला सोसायचं नाही. पुणं जुळलं तर ते टळणार होतं. “तू चार ओळी लिव,” ती म्हणाली, “त्येंनी वाचतेत म्हणे असलं.”

मी दुकानामागे गेलो तेव्हा मुसळांचा दणका चालू होता आणि आक्का बायकांशी कन्नडमध्ये काहीतरी वाद घालत होती. मी ओरडून दोन प्रश्न एकदम विचारले. “आक्का, यंदाची चटणी कशी झालीय? लिहू का?”

तिने मान न वळवताच सांगितलं, “बरी.”

मी भारावून गेलो. काय हा प्रामाणिकपणा! ‘बरी आहे, म्हणते मालकीण’ असा मथळा दिला. खाली, व्याख्यानात बजावलं होतं म्हणून, ‘या लेखासाठी मला मोबदला म्हणून चटणी मिळाली आहे’ अशी ओळही टाकली.

पुण्याच्या मालकांचा तिला फोन आला. मालकीणच बरी म्हणते तर आम्ही गिऱ्हाइकाला काय सांगायचं, असं म्हणून त्यांनी विषय बाजूला ठेवला.

मी खाली मान घालून माफी मागायला गेलो. मी ‘बरी’चा उच्चार करताच आक्का हसत सुटली, तिच्यामागे कांडणाऱ्या बायकाही. “लिहू का, इचारलास तू. मी म्हटले, बरी. आमच्या कन्नडात बरी म्हंजे लिव की रे!” भावाला कोण अहोजाहो करणार, म्हणून आदराचं ‘बरीरी’, म्हणजे ‘लिहा’, न म्हणता नुसतं बरी.

सुटलो, असं वाटून मी निघालो. बोळाच्या तोंडाशी लक्षात आलं, की हात रिकामे आहेत. निघताना आक्काने पाकीट दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. परत गेलो. आक्का आता हसत नव्हती.

“ती खालची वळ कुणी लिवली?”

मी समजावलं, की वाचकांना फसवायचं नाही, काही मिळालं तर सांगावं लागतं.

“मी भावाला दिले,” ती म्हणाली, “तू पगार लिवलास.”

मी गोंधळलो. ओळ ठेवली तर आक्का दुखावते, काढली तर वाचक फसतो. ज्या चुकीसाठी मी आलो होतो ती चूक तिच्या लेखी चूकच नव्हती, आणि जे एकच काम मी नियमाने केलं होतं ते तिला लागलं होतं. उभ्या उभ्या मी दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून मीच गाढव ठरलो. शेवटी तिनेच निकाल लावला. “दुकानात आलास की इकत घे, मग काय बी लिव. माडीवर आलास की गप जेव. जेवलेलं लिवायचं न्हाय.”

मी पाकीट विकत घेतलं, घरी जाऊन खाल्लं आणि खरं ते लिहिलं, की अशी चटणी मी दुसरीकडे खाल्लेली नाही. ‘बरी’चा खुलासाही केला. लगेच पुण्याच्या मालकांचा फोन आला, या वेळी मला. “आधी बरी, आता उत्तम. मधल्या दिवसांत तुम्हाला काय पोचलं?” काही पोचलं नाही, उलट विकत घेतली, असं मी जितकं सांगत गेलो तितका त्यांचा संशय पक्का होत गेला. शेवटी ते म्हणाले, मी स्वतःच येतो.

आले. नीलाक्काने भाकरीच्या तुकड्यावर चटणी ठेवून दिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी दाराला टेकून त्यांचं चावणं बघत होतो. मागे मुसळंही थांबली होती. मालकांनी तुकडा संपवला, न बोलता दुसऱ्यासाठी हात पुढे केला, मग तिसऱ्यासाठी. आक्काने मागे वळून कन्नडमध्ये दोन शब्द सांगितले आणि मुसळं पुन्हा सुरू झाली. पुढच्या महिन्यापासून माल पाठवा, असं मालक नंतर म्हणाले, पण ते आक्काला आधीच कळलं होतं.

जाता जाता त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि तिला विचारलं, “आता एकदा तुमच्याच तोंडून सांगा बाई. बरी म्हणजे नक्की काय?”

नीलाक्काने पदराला हात पुसले. चटणीला चांगली म्हणताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“चटणी चांगली हाय,” ती म्हणाली. “तम्मा तेवढा बरा हाय.”